हिमयुगाचे वारसदार : प्रस्तावना

आपल्या चुक्याच्याच कुळातील, आंबट चवीच्या आणि मूत्रपिंडाच्या आकाराच्या लहान पानांची, ऑक्सिरिया डिजायना या नावाने वनस्पतिशास्त्रज्ञांना परिचित असलेली एक वनस्पती नॉर्वेच्या डोंगरांत उगवते, तेथून साडेसहाशे किलोमीटर समुद्र ओलांडल्यावर लागणाऱ्या स्वालबारच्या बेटांवर उगवते, ग्रीनलंडात उगवते, आल्प्सच्या उंच उतारांवर उगवते आणि हिमालयातील वृक्षरेषेच्या वरच्या दगडगोट्यांतही उगवते. परंतु या स्थानांच्या मध्ये पसरलेल्या विस्तीर्ण मैदानी मुलखात, जेथे जमीन अधिक सुपीक, ऊन अधिक उबदार आणि हंगाम अधिक दीर्घ, तेथे तिचा मागमूस लागत नाही. ही कथा एकट्या ऑक्सिरियाची नाही. आठ शुभ्र पाकळ्यांचा ड्रायस, बर्फ वितळताच फुलणारा जांभळा सॅक्सिफ्राग, बोटभर उंचीचा खुजा वाळुंज आणि अशाच इतर अनेक जाती ध्रुवप्रदेशात आणि दक्षिणेकडील पर्वतांवर अशा दोन्ही ठिकाणी नांदतात, व मधला प्रदेश त्यांना वर्ज्य असतो. या साऱ्यांना मिळून आर्क्टिक-आल्पीय वनस्पती असे म्हणतात. आणि हिमयुग ओसरल्यावर त्या आजच्या ठिकाणी कोठून आल्या, की साऱ्या उत्पातातून तेथेच तग धरून राहिल्या, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या कोड्याची पहिली उत्तरे श्रद्धेच्या आधाराने दिली गेली. सायबेरियाच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ग्मेलिनने १७४७ सालीच असा निष्कर्ष काढला होता की एकच जाती निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली असली पाहिजे. आणि त्या काळच्या ज्ञानाची मर्यादा ध्यानात घेता हा निष्कर्ष तर्कदुष्ट होता असे म्हणता येणार नाही, कारण जे बीज वाऱ्याने वा पाण्याने हजारो मैल जाऊ शकत नाही असे दिसते, ते दूरच्या शिखरावर आढळले तर तेथेच जन्मले असावे, असे मानण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. पुढे १८३७ मध्ये न्यूशातेल येथील व्याख्यानात आणि १८४० मधील ग्रंथात लुई अगासीने यूरोपचा फार मोठा भाग एके काळी हिमस्तराखाली होता हे प्रतिपादन केले, तेव्हा या प्रश्नाला प्रथमच काळाची मिती लाभली. एडवर्ड फोर्ब्सने १८४६ मध्ये तिचा उपयोग ब्रिटिश बेटांतील पर्वतीय वनस्पतींचा उलगडा करण्यासाठी केला. डार्विनला हीच उपपत्ती त्याआधी सुचली होती, व तीत फोर्ब्सने आपल्याला मागे टाकले याची रुखरुख त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद करून ठेवली आहे.

डार्विनने १८५९ च्या आपल्या महाग्रंथात मांडलेली ही उपपत्ती थोडक्यात अशी : थंडी जसजशी दक्षिणेकडे सरकत आली, तसतशा ध्रुवप्रदेशातील वनस्पती मध्य यूरोपच्या मैदानांत उतरल्या आणि आल्प्स व पिरेनीज यांच्या पायथ्यापर्यंत पोहोचल्या, पुढे हवा उबदार होऊ लागली तेव्हा त्यांतील काही बर्फाच्या मागोमाग उत्तरेकडे परतल्या, काही जवळच्या डोंगरांवर चढल्या, आणि मैदानातील त्यांचे भाऊबंद नामशेष झाल्यामुळे शिखराशिखरांवरची कुळे एकमेकांपासून तुटली. समुद्र ओलांडून बीजे जाऊ शकतात की नाही याचाही त्याने प्रत्यक्ष प्रयोगाने शोध घेतला होता. ८७ प्रकारची बीजे त्याने खाऱ्या पाण्यात २८ दिवस ठेवली, तर त्यांतली ६४ प्रकारची बीजे नंतर रुजली. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा; स्वालबारच्या प्रकरणात त्याची आठवण होईल.

उपपत्ती सुबक होती, परंतु ती अनुमानावर उभी होती. या वनस्पती मैदानात खरोखर राहून गेल्या याचा दाखला कोणाच्याच हाती नव्हता. तो दाखला १८७० साली, जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या आल्फ्रेड नाथॉर्स्टला दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या मातीच्या थरांत मिळाला. हिमनदी मागे हटल्यावर साचलेल्या त्या चिकणमातीत ध्रुवीय वाळुंजाची आणि ड्रायसची पाने दबून राहिली होती. ज्या शेतजमिनीवर आज गहू पिकतो तेथे एके काळी स्वालबारसारखा उघडा टुंड्रा होता, ही गोष्ट त्या पानांनी निर्विवाद सिद्ध केली. पुढे डेन्मार्कच्या मातीत एक आश्चर्यकारक क्रम उघड झाला : खाली ड्रायसच्या पानांचा थर, त्यावर उबदार काळातील गाळ, आणि त्याच्याही वर पुन्हा ड्रायसच्या पानांचा थर. म्हणजे हवा एकदा सुधारून पुन्हा बिघडली होती. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या या अखेरच्या शीतकाळाला भूशास्त्रात उत्तर-ड्रायस काल म्हणतात. भुईसरपट वाढणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या पानांच्या या झुडपावरून संपूर्ण जगाच्या हवामानातील एका कालखंडाचे नाव पडावे, हा मान मोठमोठ्या वृक्षांनाही क्वचितच लाभला आहे.

पानांच्या पाठोपाठ परागकणांची साक्ष आली. १९१६ मध्ये स्वीडिश भूशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्टने आजच्या ऑस्लोत दिलेल्या व्याख्यानात पीटच्या थरांतील परागकण मोजून जुन्या अरण्यांचा इतिहास कसा लिहिता येतो हे दाखवले. परागकणाचे बाह्य कवच अतिशय चिवट असते, म्हणून दलदलीत ते हजारो वर्षे टिकते. परंतु या साक्षीदाराची एक उणीव आहे, आणि आमच्या विषयात ती फार जाचते. पाइन, भूर्ज आदी वृक्षांचे पराग वाऱ्यावर उधळतात व विपुल असतात. आल्पीय फुलांचे बहुतेक परागण कीटकांकरवी होते, त्यामुळे त्यांचे परागकण थोडे, आणि ते झाडाच्या पायाशीच पडतात. खुज्या भूर्जाचा पराग वृक्षरूप भूर्जाच्या परागापासून ओळखणेही कठीण. यास्तव वृक्षांचा इतिहास जितका ठळकपणे हाती लागला तितका या लहानशा वनस्पतींचा लागला नाही, आणि जेथे दप्तर अपुरे असते तेथे वाद वाढतो, त्याप्रमाणे येथेही तो वाढला.

वादाचे मूळ स्कँडिनेव्हियात होते. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, तेथील सारा भूभाग हिमस्तराखाली गेला होता असे एका पक्षाचे म्हणणे. पाटी कोरी झाली, आणि आज तेथे जे काही आहे ते सारे नंतर बाहेरून आले. या पक्षाला कोऱ्या पाटीचा पक्ष म्हणत. १८७६ मध्ये आक्सेल ब्लिटने नॉर्वेच्या वनस्पतींचे आगमन आळीपाळीच्या कोरड्या व पावसाळी काळांत लाटालाटांनी झाले असे मांडले होते. दुसरा पक्ष, ज्याचा पुरस्कार स्वीडनच्या रुटगर सेर्नांडरसारख्या विद्वानांनी केला, म्हणे की किनाऱ्यालगतची काही शिखरे आणि सुळके बर्फाच्या वर उघडे होते. ग्रीनलंडात हिमस्तरातून डोके वर काढणाऱ्या अशा शिखरांना नुनाटक म्हणतात. आणि अशा नुनाटकांवर काही वनस्पती संपूर्ण हिमयुगभर टिकल्या. या पक्षाजवळ सबळ पुरावा होता तो नकाशाचा. काही वनस्पती नॉर्वेत फक्त दोन प्रदेशांत आढळतात, दक्षिणेस दोव्रे व योतुनहाइमेनच्या डोंगरांत आणि उत्तरेस नूर्लांडपासून फिनमार्कपर्यंत. या दोहोंच्या मध्येही डोंगर आहेत, पण तेथे त्या नाहीत. काही तर ग्रीनलंडात व उत्तर अमेरिकेत आहेत, नॉर्वेत आहेत, पण आल्प्समध्ये नाहीत. मग त्या दक्षिणेकडून कशा येणार? रोल्फ नूर्डहागेनने नॉर्वेतील रानटी पॉपीच्या डोंगराडोंगरागणिक निरनिराळ्या झालेल्या उपजाती दाखवून, हे वेगळेपण घडायला हिमोत्तर काळातील दहा हजार वर्षे अपुरी आहेत असा युक्तिवाद केला. अमेरिकेत फर्नाल्डने १९२५ मध्ये सेंट लॉरेन्सच्या आखाताभोवतीच्या डोंगरांविषयी असेच प्रतिपादन केले होते.

या वादाची सारी कैफियत वाचताना एक गोष्ट मला सातत्याने जाणवत आली आहे, आणि ती येथे स्पष्टपणे मांडणे हे मी प्रस्तावनाकाराचे कर्तव्य समजतो. दोन्ही पक्षांनी हिम हे या वनस्पतींवर ओढवलेले अरिष्ट मानले आणि त्यातून त्या कशा वाचल्या एवढाच प्रश्न विचारला. वस्तुतः हिमस्तराच्या कडेला पसरलेले उघडे, वारा झोडपणारे, ताज्या खनिजांनी भरलेले मैदान हीच त्यांची समृद्धीची भूमी होती. तेव्हा त्या यूरोपच्या मध्यातून ब्रिटनपर्यंत आणि तिकडे सायबेरियापर्यंत अखंड पसरल्या होत्या. त्यांच्यावर अरिष्ट आले ते हिम गेल्यानंतर. हवा उबदार झाली, भूर्ज आला, पाइन आला, हेझल आला, त्यामागून ओक आणि एल्म आले, आणि त्यांच्या सावलीत या खुज्या, सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या, संथ वाढीच्या वनस्पती गुदमरल्या. थंडी त्या सोसतात, दुष्काळ सोसतात, महिनोन्‌महिने बर्फाखाली दडून राहतात. शेजाऱ्याची सावली मात्र त्यांना सोसत नाही. स्कँडिनेव्हियाच्या डोंगरांत आजच्या वृक्षरेषेच्याही वर पीटमध्ये पाइनचे जुने बुंधे सापडतात, यावरून त्या उबदार सहस्रकांत अरण्याने शिखरांवर किती वरपर्यंत आपला अंमल बसवला होता याची कल्पना येईल. तेव्हा ‘हिमयुगात त्या कोठे राहिल्या’ या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून निकडीचा, प्रश्न हा आहे की अरण्ययुगात त्या कोठे राहिल्या.

या दुसऱ्या प्रश्नाचे जगातील सर्वांत सुस्पष्ट उत्तर उत्तर इंग्लंडच्या टीस नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे, आणि तेथे क्षणभर थांबणे भाग आहे. हा प्रदेश उंच नाही. विडीबँक आणि क्रॉंक्ली या टेकड्यांची उंची पाचशे-साडेपाचशे मीटरांच्या आसपास. तरीही तेथे आल्प्समधील निळा जेन्शियन फुलतो, ड्रायस आहे, कोब्रेझिया नावाची ध्रुवप्रदेशीय गवतासारखी वनस्पती आहे, आणि मिनुआर्शिया स्ट्रिक्टा तर संपूर्ण ब्रिटनमध्ये फक्त येथेच आहे. याचे कारण खडकात आहे. सुमारे एकोणतीस-तीस कोटी वर्षांपूर्वी येथील चुनखडकात तप्त डोलेराइटचा रस घुसला, त्याच्या धगीने आजूबाजूचा चुनखडक भाजून भरड संगमरवर झाला, आणि तो हवापाण्याने झिजला की बोटांत चुरगळणाऱ्या जाड्या साखरेसारखा भुगा होतो. स्थानिक लोक त्याला साखर-चुनखडकच म्हणतात. या भुग्यात पाणी ठरत नाही, फॉस्फरसची फार चणचण असते, हिवाळ्यात जमीन गोठून उचलली जाते व कोवळी मुळे उखडली जातात. झाडांना येथे घनदाट छत्र धरता आले नाही. १९५६ मध्ये डोनाल्ड पिगॉटने या वनस्पतिसमूहाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे पीटमधील परागकणांच्या मोजणीने हेही दिसून आले की हिमोत्तर काळाच्या आरंभापासून आजपर्यंत उघड्यावर वाढणाऱ्या या वनस्पती येथून कधीच पूर्णपणे हटल्या नव्हत्या. अरण्य आले, पण विरळ आले. नंतर माणसाने जंगल तोडले आणि मेंढ्यांनी चरून जमीन मोकळी ठेवली, तेव्हा या वनस्पतींना पुन्हा थोडा विसावा मिळाला.

याच खोऱ्यात १९६७ साली ब्रिटिश संसदेने काऊ ग्रीन येथील जलाशयाला मंजुरी दिली, खालच्या नदीमुखाजवळील रासायनिक कारखान्यांना पाणी हवे होते म्हणून. वनस्पतिशास्त्रज्ञांनी विरोध केला, संसदेपुढे साक्षी झाल्या, आणि शेवटी धरण झाले. साखर-चुनखडकावरील या समूहाचा काही भाग पाण्याखाली गेला. बर्फ गेल्यानंतर ज्या टेकडीने या वनस्पतींना सुमारे अकरा हजार वर्षे आसरा दिला, तिचा एक कोपरा काही वर्षांच्या प्रशासकीय निकडीसाठी द्यावा लागला याचे मला दुःख होते, आणि ते लपवावे असे वाटत नाही. जे उरले आहे ते राखीव आहे, एवढे समाधान.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बरेन या उघड्या चुनखडकी पठाराचे उदाहरण याहून विलक्षण आहे : तेथे ड्रायस जवळजवळ समुद्रसपाटीला, भूमध्यसागरी प्रदेशातील ऑर्किडच्या शेजारी फुलतो. उंची ही या वनस्पतींची गरज नाही. उघडी जमीन ही गरज आहे, हे बरेन पाहिले की पटते.

हिमयुगात त्या कोठे होत्या या पहिल्या प्रश्नाकडे आता वळू. यूरोपबाहेर या प्रश्नाचे उत्तर एका बुडालेल्या भूमीत दडले होते. हिमस्तरांत इतके पाणी अडकले होते की समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली गेली, आणि सायबेरिया व अलास्का यांना जोडणारा विस्तीर्ण भूप्रदेश उघडा पडला. एरिक हुल्टेनने १९३७ मध्ये, असंख्य वनस्पतींच्या वाटणीचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर, असे दाखवले की ध्रुवाभोवतीच्या कित्येक जातींची वर्तुळे याच प्रदेशाभोवती रचलेली आहेत. त्याने त्याला बेरिंजिया हे नाव दिले. तो प्रदेश इतका कोरडा होता की थंडी असूनही तेथे हिमस्तर धरला नाही, आणि वनस्पतींना तेथे हिमयुगभर वास्तव्य करता आले. जांभळ्या सॅक्सिफ्रागच्या जनुकांच्या तपासणीतून २००० साली हुल्टेनच्या या मताला मोठे पाठबळ मिळाले. गोठलेल्या जमिनीत उरलेल्या डीएनएवरून २०१४ मध्ये असेही दिसले की हिमयुगात त्या उत्तर प्रदेशांत नुसते गवत नव्हते, तर फुलणाऱ्या वनस्पतींचे प्राबल्य होते. हिमाच्या कडेची भूमी हीच या वनस्पतींची समृद्धीची भूमी होती, या मघाशी मांडलेल्या मताला याहून चांगला आधार मला ठाऊक नाही.

नॉर्वेच्या वादाचा निवाडाही शेवटी जनुकांनीच केला, पण तो एका पक्षाच्या बाजूने झाला नाही. हिमाच्या कडेला फुलणारा रॅननक्युलस ग्लासियालिस, जो आल्प्समध्ये फिन्स्टरआरहॉर्नवर ४,२७० मीटरांपर्यंत चढतो, त्याची उत्तरेकडील सारी वस्ती पूर्व आल्प्समधून आलेली व जनुकदृष्ट्या एकसाची निघाली; म्हणजे डार्विनने सांगितलेल्या वाटेने ती गेली. आल्प्समधील एरिट्रिकियम नॅनम हे निळे फूल मात्र हिमस्तरातून वर आलेल्या शिखरांवरच तगले, असे त्याचे जनुक सांगतात. नॉर्वेतील सॅजिना सीस्पिटोसा आणि अरेनेरिया ह्युमिफ्यूसा या दोन दुर्मिळ पश्चिम-आर्क्टिक वनस्पतींविषयीही २०११ मध्ये तसाच निष्कर्ष पुढे आला, आणि दीर्घकाळ मोडीत काढलेल्या नुनाटक पक्षाला पुन्हा जागा मिळाली. स्वालबारचे प्रकरण तर साऱ्यांनाच चकित करून गेले. ती बेटे हिमयुगात जवळजवळ संपूर्ण बर्फाखाली होती. २००७ मध्ये नऊ जातींच्या चार हजारांहून अधिक नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की या वनस्पती समुद्र ओलांडून एकदा नव्हे, वारंवार आल्या, कोणी ग्रीनलंडकडून, कोणी रशियाच्या वायव्य किनाऱ्याकडून, कोणी स्कँडिनेव्हियातून. वारा, पक्षी आणि समुद्रावर तरंगणारा बर्फ, ज्यावर सायबेरियातील नद्यांचे ओंडके वाहत येतात, ही त्यांची वाहने. डार्विनची खाऱ्या पाण्यातील ६४ प्रकारची बीजे येथे आठवावीत.

तात्पर्य, एकाच उतारावर शेजारी उभ्या असलेल्या दोन रोपट्यांचा इतिहास एक असेलच असे नाही. एक दक्षिणेकडून आले असेल, दुसरे समुद्रावरून, तिसरे तेथलेच असेल. प्रत्येक जातीची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि वाचकाने हा ग्रंथ वाचताना एकच सूत्र शोधू नये अशी माझी विनंती आहे.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध हिमालयामुळे आहे. ऑक्सिरियाचे मूळ तिबेटच्या पठाराच्या परिसरात असावे असे २०१६ मधील जनुकीय अभ्यासाने सूचित केले आहे. तसे असल्यास ध्रुवाकडे गेलेली ही वनस्पती आपल्या उत्तर सीमेवरून निघाली. दक्षिण भारतात आर्क्टिक-आल्पीय वनस्पती नाहीत, परंतु त्याच प्रश्नाची धाकटी आवृत्ती आहे : नीलगिरीवर हिमालयातील लाल ऱ्होडोडेंड्रॉनचा एक प्रकार फुलतो, आणि मधल्या सुमारे दोन हजार किलोमीटरांत तो नाही. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ मधील भारतीय भूशास्त्रविषयक ग्रंथात, थंडीच्या काळात हिमालयातील जाती मैदाने ओलांडून दक्षिणेकडे उतरल्या असाव्यात, असा तर्क केला होता. पुढे सुंदरलाल होरांनी पूर्वेकडील मासे व प्राणी सातपुड्याच्या वाटेने सह्याद्रीत आले असे सुचवले. सह्याद्रीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. ऱ्होडोडेंड्रॉनला येथे आज तरी आसरा नाही.

आता वर्तमानाविषयी थोडे. स्वित्झर्लंडमधील पिझ लिनार्ड या ३,४१० मीटर उंचीच्या शिखरावर १८३५ मध्ये ओस्वाल्ड हेर चढला, तेव्हा माथ्यावर त्याला फुलझाडांची एकच जाती आढळली, आन्द्रोसासे आल्पिना. २०११ मध्ये तेथे सोळा होत्या. यूरोपातील ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदींची १४५ वर्षांच्या कालावधीतील तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीतही जातींची संख्या वाढतच असल्याचे, व अलीकडे ही वाढ अधिक वेगाने होत असल्याचे, दिसून आले. वरवर पाहता ही समृद्धी वाटेल. पण नवे येणारे खालच्या कुरणांतले, उंच व जोमदार आहेत, आणि शिखरावरच्या खुज्या जुन्या रहिवाशांना पुन्हा एकदा शेजाऱ्याची सावली भेटणार आहे. सिक्कीममध्ये जोसेफ हूकरने १८४९-५० मध्ये उतरवून ठेवलेल्या उंचीच्या नोंदी अशाच उपयोगी पडल्या : तेथील १२४ प्रदेशनिष्ठ जातींची अलीकडे पुन्हा पाहणी केली, तेव्हा त्यांतील ८७ टक्क्यांचे वसतिस्थान सरकलेले आढळले.

म्हणूनच पुढील प्रकरणांत बर्फाच्छादित शिखरांपेक्षा कडे, घसरते दगड, दलदली आणि साखर-चुनखडकासारखी दरिद्री जमीन यांना अधिक पृष्ठे दिली आहेत. अरण्याच्या पहिल्या चढाईत या वनस्पती तेथे वाचल्या. दुसऱ्या चढाईत त्या कोठे वाचतील याचा शोध तेथूनच सुरू करावा लागेल, आणि तो शोध घेणाऱ्या तरुणांच्या हाती हूकरसारखी काटेकोर वही असावी, एवढे सांगून मी वाचकाला पहिल्या प्रकरणाच्या स्वाधीन करतो.